माशांना कुणी घातलं?

शेवाळ खरवडायचा ब्रश आणायला जावई माशांच्या दुकानात गेला, तिथून हे सगळं सुरू झालं. आता ब्रश आणण्यात भिण्यासारखं काय आहे, असं तुम्ही म्हणाल. म्हणा बापडे. तो दिवा जरा इकडे सरकवा आणि ऐका.

ब्रश लांब दांड्याचा होता, एका टोकाला पातं, दुसऱ्या टोकाला स्पंज. तो कागदात गुंडाळता गुंडाळता दुकानदाराने सहज विचारलं, "टाकी खिडकीपाशी आहे का हो?"

"खिडकीपाशीच. शहाण्यांचं घर आहे ना आमचं."

"उन्हाने शेवाळ धरतंच. आणि खायला कोण घालतं?"

"घालायला काय, फौज आहे घरात. अक्कल सोडून सगळं आहे."

दुकानदार हसला. म्हणाला, "कमी घाला साहेब. उरलेलं खाणं तळाशी कुजतं, त्यावरच शेवाळ पोसतं."

"पाण्याचं मला शिकवू नका," जावई म्हणाला, आणि सुटे पैसे न घेताच बाहेर पडला. त्याच्या मते दुकानदारही मूर्खच होता. पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत तो तपासनीस होता. दिवसभर बाटलीतल्या पाण्यात खोट काढायची आणि संध्याकाळी घरी येऊन माणसांत, असा त्याचा शिरस्ता.

घर तसं त्याचं नव्हे, सासऱ्यांचं. तिसरा मजला, दोन खोल्या आणि एक लांबट दिवाणखाना. सासरे आजारी पडले तेव्हा 'चार दिवस जाऊन राहू' म्हणून बायकोने त्याला तिथे आणलं. ते चार दिवस संपेचनात. सासूबाई म्हणजे अर्धं वाक्य बोलून उरलेलं पदराने पुसून टाकणारी बाई. मेहुणा मोबाइलची कव्हरं विकायचा, म्हणजे विकायचा असं सांगायचा. ऊन डोक्यावर आल्याशिवाय त्याचं पांघरूण हलत नसे. या दोघांकडे जावई असा बघायचा, जसं आपण चपलेला लागलेल्या चिखलाकडे बघतो.

आणि म्हातारा? सासऱ्यांना तो मनातल्या मनात म्हाताराच म्हणायचा. 'बाबा' हा शब्द त्याच्या तोंडून कधी निघाला नाही. म्हातारा घड्याळजी होता. जन्मभर दोन बोटांच्या चिमटीत मोहरीएवढे स्क्रू धरले, त्याच चिमटीने माशांना दाणे घालायचा. पाच गोल्डफिश होते, नारिंगी, मुठीएवढे. म्हातारा पाण्यावर हात धरायचा आणि ते वर येऊन तोंडाचा आ करायचे. तेवढंही चाललं असतं. पण जेवताना तो लेकीलाही भरवायचा! चांगली तिशीची, लग्न झालेली बाई, आणि हा आपल्या ताटातला घास उचलून तिच्या तोंडापुढे धरायचा. तीही निमूट आ करायची. जावयाला शिसारी यायची.

"लहान आहे का ती?" एकदा त्याने विचारलंच.

"माझ्या हातनं खाते," म्हातारा शांतपणे म्हणाला होता. "तुमच्या हातनं खाईल त्या दिवशी थांबेन."

तर तो म्हातारा गेला. आणि त्याच्या मागे बायकोच्या घशाखाली घास उतरेना.

आता एक गोष्ट सांगून ठेवतो. या जावयाला जगात कुणाचीच किंमत नव्हती, पण बायकोवर त्याचा जीव होता. अगदी खरा. तिच्यापुढे त्याची जीभ आपोआप मऊ व्हायची. ती दिवसभर त्या टाकीसमोर स्टूल टाकून बसायची. ताट पुढे ठेवलं की दोन शितं चिवडायची आणि बाजूला सारायची. गळ्याची हाडं वर आली, बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर दवाखान्यात ठेवावं लागेल. जावयाची अशी खात्री झाली की ही टाकी हिरवी राहिली, घाण राहिली, तर ही बाई अशीच म्हाताऱ्याचं दुःख कुरवाळत बसणार. टाकी स्वच्छ तरी करायची, नाही तर घराबाहेर तरी काढायची.

म्हणून ब्रश.

पहिल्यांदा त्याने काचा घासल्या. हिरवी साय सुटावी तसा थर सुटला आणि पाणी गढूळ झालं. नळीने तळातली घाण ओढली, तिसरा हिस्सा पाणी बदललं, नवं पाणी आपल्या प्रयोगशाळेतल्या पट्ट्यांनी तपासून घातलं. खिडकीला जाड पडदा लावला. टाकी अशी लख्ख झाली की मागच्या भिंतीवरचा खिळा दिसायला लागला. "बघा, हिला म्हणतात स्वच्छता," तो मेहुण्याला म्हणाला.

दुसऱ्या दिवशी कामावरून येतो तो खिळा दिसेना.

काचेवर हिरवं मखमलीसारखं अंथरलं होतं. आणि वास! पावसाळी हौदाचा असतो ना तसा, ओला, जड, जिभेवर बसणारा. जावई खवळला. एका दिवसात एवढं शेवाळ म्हणजे कुणीतरी मूठमूठ दाणे ओततंय, दुसरं काय? मासेही तसेच दिसत होते, फुगून टम्म झालेले, पोटाच्या भाराने तिरपे पोहणारे.

त्या घरात दाण्यांच्या डब्याचा एक नियम होता, म्हाताऱ्याने घालून दिलेला. डबा टाकीच्या झाकणावर असायचा. सकाळी उठल्यावर सासूबाईंनी तो सुलटा ठेवायचा. ज्याने माशांना घातलं त्याने डबा उलटा करून ठेवायचा. उलटा डबा दिसला की समजायचं, घालून झालंय, आपण हात लावायचा नाही. इतका सोपा नियम, शेंबड्या पोराला कळेल असा. जावई म्हणाला, "तोही यांना पाळता येत नाही. एकजण घालतो, डबा उलटा करायला विसरतो, मग दुसरा घालतो, मग तिसरा. मासे आहेत का कोंबड्या?"

"मी नाही हो, भावजी," मेहुणा डोळे चोळत म्हणाला.

"मी तर नुसता डबा..." सासूबाई म्हणाल्या आणि उरलेलं पदरात गेलं.

"गप्प बसा दोघं."

मग जावयाने शेवटचा उपाय काढला. शेवाळाला उजेड लागतो. उजेड तोडला की शेवाळ मरतं. माशांना काही दिवस अंधाराने काही होत नाही, उपासाने तर नाहीच. त्याने टाकीवरचा दिवा काढला, तिला चारी बाजूंनी आणि झाकणावरूनही जाड गोधड्या गुंडाळल्या, वरून दोरी आवळली आणि जाहीर केलं, "आठवडाभर या दोरीला कुणी हात लावायचा नाही. दाणा घालायचा नाही. कळलं? का लिहून चिकटवू?"

दाण्यांचा डबा त्याने गोधडीवरच ठेवला, स्वतःच्या हाताने, सुलटा. उगाच. परीक्षा म्हणा.

बायको स्टुलावर बसली ती गोधडीकडे बघत बसली. म्हणाली, "अहो, आत अंधारात त्यांना कळेल का वर कधी यायचं ते?"

"मासे आहेत ते, शहाणे. उपास घडू दे जरा."

सकाळी डबा उलटा होता.

जावयाने तो सुलटा केला, मेहुण्याला शिव्या घातल्या आणि कामावर गेला. संध्याकाळी डबा पुन्हा उलटा. दोरीची गाठ मात्र त्यानेच मारलेली, तशीच. रोज हेच. आणि गोधडीच्या आतून, घर शांत झालं की, पाण्याच्या पृष्ठावर तोंडं आपटल्याचा आवाज यायचा... चप्, चप्, चप्. भरल्या दुपारी, रस्त्यावर गाड्या चालू असताना यायचा. मेहुणा त्या खोलीत झोपेनासा झाला. जावई म्हणाला, "भित्रट लेकाचा."

आठवडा भरला त्या दुपारी त्याने सगळ्यांना दिवाणखान्यात उभं केलं आणि दोरी सोडली. गोधड्या खाली पडल्या. सासूबाईंनी तोंडावर हात नेला.

काच दिसतच नव्हती. हिरवं इतकं दाट चढलं होतं की टाकी एखाद्या शेवाळलेल्या दगडासारखी दिसत होती. अंधारात! उजेडाचा कण नसताना! जावयाने झाकण उचललं. पाचही मासे वर होते, फुगलेले, आ करून, आणि त्यांच्या तोंडात दाणे होते.

"कुणी घातलं?" जावई ओरडला. "एकाने तरी खरं बोला!"

"आईशपथ भावजी, मी बाबा गेल्यापासून घातलंच नाहीये," मेहुणा रडकुंडीला आला. "जेव्हा बघावं तेव्हा डबा उलटा. मला वाटायचं ताईने घातलं."

"मला वाटायचं तुम्ही घातलं," बायको जावयाला म्हणाली.

"आणि आई, तुम्ही?"

सासूबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा वाक्य पुरं केलं. "मी उठल्यावर डबा सुलटा करते. चूळ भरून येते तोवर तो उलटा झालेला असतो. मी म्हणायची, घरात एवढी लवकर उठणारी माणसं कधीपासून झाली!"

जावयाने डबा उचलला. भरलेला होता. झाकण फिरवून काढलं, तर आत तोंडावर चांदीचा कागद ताणून बसवलेला, जसा दुकानातून आला तसा. नखसुद्धा लागलं नव्हतं. म्हाताऱ्याने जाण्याआधी आणलेला नवाकोरा डबा. या घरात इतके दिवस एकानेही माशांना दाणा घातला नव्हता. प्रत्येकजण उलटा डबा बघून निश्चिंत होता.

टाकीत चप्, चप् चालूच होतं.

घाबरला असेल असं तुम्हाला वाटेल. छे! घाबरणं हे इतरांचं काम. त्याला राग आला, म्हाताऱ्याचा. मेला तरी हात आवरत नाही याचा! त्याने मेहुण्याला बादली दिली, "जा, दुकानात देऊन ये, फुकट दे," म्हणून मासे घालवले. टाकी न्हाणीघरात नेऊन रिकामी केली. ब्रशने, मिठाने, कढत पाण्याने घासली. पुसून कोरडी करून पुन्हा स्टँडवर ठेवली, उपडी. डबा खाली कचऱ्यात टाकला. "झालं," तो म्हणाला. "आता कुणाला घालतो बघू."

बायको दारात उभी होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"असं म्हणू नका हो," ती म्हणाली. "बाबांना घातल्याशिवाय राहवत नाही."

आणि बरं का, त्या दिवसापासून बायको सुधारली! गाल भरले, चेहऱ्यावर तजेला आला, बांगड्या मनगटावर उतरल्या. जावई छाती काढून फिरायला लागला. डॉक्टरांना म्हणाला, तुमची औषधं ठेवा बाजूला, मूळ कारण मी काढून टाकलं. सासूबाईंना म्हणाला, बघा, डोकं वापरलं की काय होतं. त्याचा तो तोरा बघवत नव्हता.

मग एका सुट्टीच्या दिवशी तो सगळ्यांबरोबर जेवायला बसला आणि त्याच्या लक्षात आलं की बायकोचं ताट जसंच्या तसं आहे.

"जेवत का नाहीस?"

"झालं माझं."

"कधी?"

"आत्ताच की." ती हसली. दातांच्या मुळाशी काहीतरी हिरवट दिसलं.

त्याने सासूबाईंना गाठलं. त्या कुजबुजल्या, "मला वाटलं ती तुमच्याबरोबर खाते... ताट कधीचं तसंच परत येतं. मी गाईला घालते." म्हणजे पुन्हा तेच! पुन्हा प्रत्येकाला वाटत होतं, दुसरा कुणीतरी भरवतोय.

वजन मात्र वाढत होतं. आठवड्याला अंगावरचे कपडे उसवायचे. पाय सुजले, चार पावलं टाकली की धाप लागायची. डॉक्टर म्हणाले, "अहो, हिचं खाणं आवरा जरा!" जावयाने स्वयंपाकघराला कुलूप घातलं. कामावर रजा टाकली आणि तिच्यासमोर खुर्ची टाकून बसला. दिवसभर तिच्या तोंडात पाण्याखेरीज काही गेलं नाही, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं. आणि तरीही, बसल्या बसल्या, तिची हनुवटी मधूनच वर व्हायची. ओठ विलग व्हायचे. गळ्यातून काहीतरी खाली उतरायचं. मग मान पुन्हा खाली.

"काय खातेस? सांग मला. राणी, सांग..."

"मी मागत नाही हो," ती दमून म्हणाली. "मला नको असतं. पोट दुखतं. पण तोंड उघडतंच."

त्याने रुमालाने तिचे दात पुसले. रुमाल हिरवा झाला, आणि नाकाशी नेला तर तोच वास, हौदाचा. सकाळी दात पुन्हा तसेच. त्याने दुसरीकडे जाऊन पाहिलं, बरं का. तिला रिक्षात घालून आपल्या जुन्या घरी नेलं. कुलूप उघडून आत पाऊल टाकतात तोच तिची मान वर झाली. म्हणून मुकाट्याने परत आणली.

त्यानंतर लवकरच एका दुपारी तिला श्वास पुरेना. अंथरुणावर ती तिरपी पडली होती, टम्म, डोळे उघडे, ओठ सारखे हलत होते. डॉक्टरांना आणायला मेहुणा धावत गेला होता; त्या दिवशी तो खरंच धावला. सासूबाई तिचे पाय चोळत होत्या. आणि जावई उठून दिवाणखान्यात गेला.

खिडकीतून छान ऊन आत आलं होतं. स्टँडवर उपडी टाकी, कोरडी, लख्ख. रस्त्यावर कुणीतरी हसत होतं. ज्या माणसाने जन्मात कुणापुढे मान वाकवली नाही, तो त्या रिकाम्या काचेपुढे गुडघ्यावर बसला.

"बाबा," तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा म्हणाला. "बाबा, सोडा तिला. मरेल हो ती... तुमचीच लेक आहे. मला अक्कल नाही, मी मूर्ख, मी सगळ्यांत मूर्ख. घातल्याशिवाय राहवतच नसेल तर... मला घाला. पण तिला सोडा."

ऊन हळूहळू भिंतीवर सरकलं.

डॉक्टर आले तेव्हा ती उठून बसली होती. श्वास लागलेला, पण मोकळा. त्यांनी नाडी पाहिली, छाती तपासली, खांदे उडवले आणि गेले. दिवेलागणीला तिने हाक मारली, "अहो... मला भूक लागलीय."

भूक! सासूबाईंनी कुलपाची किल्ली मागून घेतली. मेहुण्याने ताटं मांडली, न सांगता. गरम अन्नाचा वास घरभर पसरला. बायको जेवायला बसली आणि जावयाने पहिला घास उचलून तिच्यापुढे धरला. तिने तो खाल्ला. चावून खाल्ला, त्याच्याकडे बघत, आणि डोळ्यांत पाणी आणून हसली. दात पांढरे होते. मग तिने आपल्या हाताने घेतलं, पुन्हा वाढून घेतलं. सासूबाई रडत होत्या, मेहुणा नाक पुसत होता, आणि त्या दोघांकडे बघून जावयाच्या मनात पहिल्यांदाच एकही वाईट शब्द आला नाही. किती चांगली माणसं आहेत ही, असं त्याला वाटलं. खरंच वाटलं.

"तुम्ही घ्या ना," बायको म्हणाली. "सकाळपासून उपाशी आहात."

त्याने ताट पुढे ओढलं. अन्न छान दिसत होतं. पण भूकच नव्हती. पोटावर हात ठेवला तर पोट तट्ट लागलं, जसं एखाद्या दांडग्या जेवणानंतर लागतं. दमलोय म्हणून असेल, तो मनाशी म्हणाला.

तेवढ्यात त्याची मान मागे गेली. त्याने नेली नाही, ती गेली. डोळ्यांपुढे छत आलं, छतावरचा दिवा आला. ओठ विलग झाले, आणि जिभेवर काहीतरी हलकं, खरखरीत पडलं. चिमूटभर.

"अहो, वर काय बघताय?" बायको हसत म्हणाली. "जेवा ना."

त्याला तिला सांगायचं होतं. तिने आईला आणि भावाला घेऊन आत्ताच्या आत्ता आपल्याला सोडून निघून जावं, वळून बघू नये, एवढंच सांगायचं होतं. पण तोंड भरलेलं होतं. बोलता यावं म्हणून त्याने घाईघाईने गिळलं, आणि तेवढ्यात पुढची चिमूट आली.